उत्क्रांतीय इष्टतमीकरणातील बहुविध मर्यादा : बावनथडी प्रकल्पाच्या संदर्भात एक चिकित्सा

नाकाडोंगरी ज्या तुमसर तालुक्यात आहे, तेथील धानशेतीला पाणी देणारा बावनथडी (राजीव सागर) प्रकल्प महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांचा संयुक्त प्रकल्प आहे. अशा जलाशयातून कोणत्या पंधरवड्यात किती पाणी सोडावे, हे ठरविण्यासाठी जनुकीय अल्गोरिदम वापरण्याची प्रथा अभ्यासकांत रूढ झाली आहे. विसर्गाची अनेक वेळापत्रके घ्यायची, सरस निवडायची, त्यांचा संकर करायचा, अशी ही रीत. तिची खरी कसोटी मर्यादांच्या हाताळणीत लागते. पाण्याचा जमाखर्च, साठ्याची कमाल व किमान पातळी, कालव्याची वहनक्षमता, पिण्यासाठीचे आरक्षण आणि दोन राज्यांचा वाटा या सर्व मर्यादा एकाच वेळी पाळाव्या लागतात.

जुना उपाय दंडफलनाचा. मर्यादा मोडल्यास उद्दिष्टाच्या मूल्यातून दंड वजा होतो. पण दंडाचा गुणक ठरवितो कोण? गुणक लहान ठेवला तर अशक्य वेळापत्रक ‘उत्तम’ ठरते. फार मोठा ठेवला तर शोध जेथे प्रथम व्यवहार्य उत्तर सापडेल तेथेच अडकतो. कल्याणमय देब यांनी 2000 साली हा गुणकच काढून टाकला. दोन उत्तरांच्या स्पर्धेत व्यवहार्य उत्तर अव्यवहार्यावर मात करते. दोन्ही व्यवहार्य असल्यास उद्दिष्ट पाहावे, दोन्ही अव्यवहार्य असल्यास कमी उल्लंघनाचे निवडावे. या नियमाचा साधेपणा प्रशंसनीय आहे.

तथापि, मर्यादा अनेक असताना ‘कमी उल्लंघन’ म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. देब उल्लंघनांची बेरीज करतात, व त्यासाठी मर्यादांचे प्रसामान्यीकरण सुचवितात. क्युमेक आणि दलघमी त्यामुळे एका मापात येतात हे खरे. परंतु कालव्याची क्षमता आणि राज्याचा वाटा एका तोलाचे होत नाहीत. काढलेला गुणक येथे मागील दाराने परत येतो, असे आमचे मत आहे. धान निसवण्याच्या पंधरवड्यातील तूट वर्षभराच्या बेरजेत सहज बुडते, आणि तिची झळ कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याला बसते.

म्हणून मर्यादांची जात आधी ओळखावी. पाण्याचा जमाखर्च दंडावर सोडण्याचे कारणच नाही. विसर्गावरून साठा काढला की तो आपोआप जुळतो. राज्यांचा वाटा कराराचा विषय आहे, त्याची सौदेबाजी अल्गोरिदमने करू नये. कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेच्या पश्चिमेकडील वळवणुकीस घातलेली वार्षिक 67.5 टीएमसीची मर्यादा याच जातीची. उरलेल्या मर्यादांची उल्लंघने बेरजेत न मिसळता प्राधान्यक्रमाने तुलनावी, आणि निष्कर्षांच्या तक्त्यात कोणत्या पंधरवड्यात कोणती मर्यादा किती मोडली, हे वेगळ्या स्तंभात छापावे.