नोंद, पुरावा आणि नवलेखक : मराठी विकिपीडियावरील लेख-वगळणीची चिकित्सा

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशात किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात कोणत्या विषयास स्थान द्यावयाचे, हा निर्णय छपाईपूर्वीच होत असे. नाकारलेली नोंद वाचकास कधी दिसलीच नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने हा क्रम उलटा केला. येथे लेख आधी प्रसिद्ध होतो. निवड मागाहून होते, आणि तीही चारचौघांत. लेख वगळण्यावरून नवागत व जुने संपादक यांच्यात उद्भवणाऱ्या वादाचे मूळ बव्हंशी या उलट्या क्रमात आहे. तो केवळ स्वभावदोषांचा प्रश्न नव्हे.

इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर उजनी धरणाच्या जलाशयात गेले आहे. पाणी ओसरले की ते उघडे पडते. बारामती वा इंदापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने या मंदिरावर लिहावयाचे ठरविल्यास त्याच्याजवळ काय असते? आजोबांनी सांगितलेले जुने गाव, उन्हाळ्यात प्रत्यक्ष पाहिलेले शिखर आणि काही छायाचित्रे. विकिपीडियास हे पुरेसे नाही. अप्रकाशित संशोधन तेथे चालत नाही. स्वतंत्र व विश्वासार्ह प्रकाशित संदर्भ लागतात. ते नसल्यास लेखावर 'पानकाढा' साचा लागू शकतो. प्रचालकाच्या दृष्टीने ते संदर्भांविषयीचे विधान असते. विद्यार्थ्यास तो आपल्या गावाविषयीचा निवाडा वाटतो. जे गाव एकदा धरणाने बुडविले, त्याच्या बाबतीत हा गैरसमज क्षुल्लक मानता येत नाही.

बारामतीशी निगडित असलेल्या कवी मोरोपंतांवरील लेखास ही अडचण येत नाही, कारण त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले आहे. नियम समान असला तरी त्याचा भार समान नाही. इंग्रजी विकिपीडियावरही हे घडले आहे. डोना स्ट्रिकलँड या भौतिकशास्त्रज्ञ महिलेवरील लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेशा संदर्भांअभावी नाकारला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

प्रचालकांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. इतरत्र छापलेला मजकूर उचलून केलेले लेख प्रताधिकाराचा भंग करतात. स्थानिक पुढाऱ्यांचे गौरवपर परिचय तर ओळखूही येतात. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातील उतारा जसाच्या तसा चिकटविलेला लेख वाचविण्याजोगा नसतो, हे प्राध्यापकांनी मान्य करावयास हवे. दोष आहे तो सूचनेच्या स्वरूपात. साचा उणीव सांगतो. ती कोठे भरून निघेल हे सांगत नाही. वगळलेला मजकूर सामान्य सदस्यास पाहताही येत नाही, त्यामुळे दुरुस्तीचा आधारच नाहीसा होतो. तोच मजकूर सदस्याच्या धूळपाटीवर हलवून १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरसारखी साधने तपासण्यास सुचविणे प्रचालकास अवघड नाही. मात्र साचा लावण्यास एक क्षण पुरतो आणि हे काम मोजक्या स्वयंसेवकांवर पडते, ही त्यातील खरी अडचण होय.

उरलेले काम विकिपीडियाबाहेरचे आहे. इतिहास विभागाने विस्थापित गावांतील वृद्धांच्या मुलाखती, मंदिराची मोजमापे व छायाचित्रे दिनांकासह नोंदवून समीक्षित नियतकालिकात प्रसिद्ध केली, तर आजोबांची आठवण संदर्भास पात्र ठरते. मात्र तो संदर्भ संशोधकाने स्वतः लेखात घालण्याऐवजी चर्चा पानावर सुचविणे इष्ट. अन्यथा वाद हितसंबंधाच्या मुद्द्यावरून पुन्हा सुरू होतो.