पानावरून पडद्यावर : 'अजिंठा' आणि इतर काही निराशा

एखाद्या गाजलेल्या साहित्यकृतीवर चित्रपट निघाला की मराठी वाचकाचे एक वाक्य ठरलेले असते : 'पुस्तकाची सर नाही.' हे वाक्य बहुतेक वेळा खरे असते, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. पुस्तक आणि चित्रपट ही दोन वेगळी माध्यमे आहेत. चारशे पानांची कादंबरी अडीच तासांत बसवायची तर काही पात्रे गळणार, काही प्रसंग एकत्र होणार. तेवढ्यावरून दिग्दर्शकाला दोषी ठरवणे न्यायाचे नाही. रूपांतरकाराने काय वगळले याच्या यादीपेक्षा त्याने काय ओळखले, हा प्रश्न महत्त्वाचा. मूळ कृतीचा जीव कशात आहे हे त्याला उमगले होते का?

या कसोटीवर सर्वांत बेइमान वाटणारा चित्रपटही कधी सर्वांत इमानी ठरतो. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९) घ्या. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत आणल्या. कापाकापी भरपूर झाली. तरीही सत्तेभोवती फिरणारी माणसे आणि ते सारे पाहून आतून मोडत जाणारा पत्रकार दिगू टिपणीस यांच्यातले नाते पटकथेने हातचे सोडले नाही. साधूंच्या कादंबऱ्यांचा कणा तोच होता. म्हणून चित्रपट पाहताना कोणते प्रकरण गळाले याची आठवणही येत नाही.

उलट उदाहरणेही आपल्याकडे आहेत. मिलिंद बोकीलांची 'शाळा' आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलाची गोष्ट आहे, पण तिचा जीव गोष्टीत नसून मुकुंद जोशीच्या बोलण्यात आहे. हा मुलगा मास्तर, घरचे, मित्र आणि मुख्य म्हणजे स्वतःवर सतत शेरे मारत असतो. सुजय डहाके यांच्या 'शाळा'ला (प्रदर्शन २०१२) राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि चित्रपट देखणा आहे, यात वाद नाही. पण मुकुंद तिथे मुख्यतः पाहतो. पुस्तकात तो बोलतो. तो खट्याळ आवाज मंदावला की उरते ती एक गोड, हळवी शालेय प्रेमकथा. तशा आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आनंद यादवांच्या 'नटरंग'वर रवी जाधव यांनी २०१० साली केलेला चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला, आणि अतुल कुलकर्णींची मेहनत दाद देण्याजोगीच होती. पण नाच्या झालेल्या गुणाची फरफट दाखवून झाल्यावर शेवटी जीवनगौरव पुरस्काराचा सोहळा येतो. समाजाने ज्याला ठेचले त्याचा त्याच समाजाने सत्कार केला की प्रेक्षक हलका होऊन घरी जातो. कादंबरी वाचकाला इतके हलके होऊ देत नाही. आर. के. नारायण यांच्या 'द गाईड'चे (१९५८) असेच झाले. कादंबरीच्या शेवटी पाऊस खरोखर येतो की उपाशी राजूला तो फक्त भासतो, हे लेखकाने वाचकावर सोडले आहे. १९६५च्या हिंदी चित्रपटात मात्र धो धो पाऊस कोसळतो. शंकेला जागा ठेवली तर तिकीटबारीवर परवडत नाही, असा हा हिशेब असतो.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून आपल्या मातीतल्या एका चित्रपटाकडे वळू या. ना. धों. महानोरांची 'अजिंठा' ही कादंबरी नाही, दीर्घकविता आहे. १९८४ साली ती आली. तिच्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ साली त्याच नावाचा चित्रपट केला. मराठवाड्याच्या दृष्टीने ही साधी घटना नव्हती. महानोर सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडचे, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेतलेच. लेणी, वाघूर नदी, रान आणि रानातली माणसे हा त्यांचा रोजचा शेजार. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले औरंगाबाद, तिथून सुमारे १०० किलोमीटरवर. आपल्या भागाची गोष्ट इतक्या थाटात पडद्यावर येते आहे, याचे अप्रूप इथे अनेकांना होते.

गोष्टीमागचा इतिहास थोडक्यात असा. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ही लेणी पडली. पुढे जेम्स फर्ग्युसन यांनी त्यांच्या जपणुकीचा आग्रह धरला आणि १८४४ साली कंपनी सरकारने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी पाठवले. अजिंठा गावातल्या बारादरीत गिल राहिला. प्रदेश निजामाचा होता. गिलने वर्षानुवर्षे खपून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनजवळच्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. अजिंठा गावात आणखी एक साधी कबर आहे, पारोची. तीवर २३ मे १८५६ ही तारीख कोरलेली आहे. पारोबद्दल कागदोपत्री आपल्या हाती जवळजवळ एवढेच आहे.

एक नाव, एक तारीख आणि लोकांच्या तोंडी राहिलेली आठवण, एवढ्या सामग्रीवर महानोरांनी कविता उभी केली. इतिहास जिथे गप्प होतो तिथे कवीला बोलण्याचा हक्क असतो, आणि महानोरांनी तो मनमुराद बजावला. पारोचे रूप कवितेत रानापासून वेगळे काढता येत नाही. झाड, पाऊस, चांदणे, लेण्यांतल्या चित्रांतल्या स्त्रिया आणि ही जिवंत मुलगी एकमेकींत मिसळतात. ती कशी दिसते हे वाचकाने आपल्या मनात रंगवायचे असते. कवितेचे बळ या न सांगण्यात आहे.

चित्रपटाला ही सवलत नसते. कॅमेऱ्याला चेहरा लागतो, कपडे लागतात. त्या मुलीचे घर, तिची माणसे, तिचे रोजचे काम ठरवावे लागते. पारो सकाळी उठून काय करते? अंधाऱ्या लेण्यात उजेड कसा पोचवतात, उन्हाळ्यात तिथे तासन् तास उभे राहणे कसे असते? परक्या साहेबाजवळ गेलेल्या मुलीकडे गाव कोणत्या नजरेने पाहते, आणि साहेबाची विलायती बायको-मुले असताना या नात्याला नाव काय? कवितेने मोकळ्या सोडलेल्या या जागा भरणे हेच रूपांतरकाराचे काम होते. देसाई यांनी त्या देखणेपणाने भरल्या. ते आपल्या चित्रपटसृष्टीतले थोर कलादिग्दर्शक. भव्य दृश्य उभे करण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. सोनाली कुलकर्णीची पारो सुंदर दिसते, प्रत्येक चौकट चित्रासारखी सजलेली आहे. पण सजावट म्हणजे जगणे नव्हे. कपाळावरचा घाम आणि पायाची धूळ नसलेली पारो लेण्यातल्या चित्रातून उतरल्यासारखी वाटते, गावातून आल्यासारखी वाटत नाही. कवितेतली उपमा चित्रपटाने शब्दशः घेतली आणि तिथेच तिचा प्राण गेला.

गाण्यांचे तेच. 'जैत रे जैत' (१९७७) आठवा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि गीते महानोरांचीच. त्या चित्रपटात गाणे हे ठाकरांचे बोलणे आहे. नाग्या आणि चिंधीची गोष्ट गाण्यातून पुढे सरकते. गाणी काढली तर चित्रपटच उरत नाही. 'अजिंठा'तही शब्द महानोरांचे आहेत, कौशल इनामदारांचे संगीत कानाला गोड आहे. पण इथे गाणे आले की गोष्ट थांबते आणि आपण देखावा पाहू लागतो. कवी तोच, प्रतिभा तीच. फरक पडला तो गाण्याला कथेत दिलेल्या जागेमुळे. मूळ लेखक सोबत असला की रूपांतर आपोआप अस्सल होते, हा समज यातून खोटा ठरतो.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष जाणवेल. निजामाच्या राज्याची दप्तराची भाषा तेव्हा फारसी होती. हाटाबाजारात मराठी आणि दखनी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालत. डोंगरात भिल्ल, बंजारा यांच्या बोली होत्या. त्यात मद्रासेकडून आलेला इंग्रज. या गोष्टीतले प्रेम आधी भाषेच्या अडचणीतून वाट काढणारे प्रेम आहे. कोणता शब्द कोणाला कळला, कोणता चुकीचा कळला, यात केवढे नाट्य होते! वली आणि सिराज यांच्या औरंगाबादेत वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या घराघरांत आजही एका वाक्यात दोन भाषा नांदतात. चित्रपटाचा डोळा जितका तयार आहे तितका कान नाही. मराठवाड्याचा डोंगर दिसतो, मराठवाडा ऐकू येत नाही.

कान हरवला की काय होते याचा धडा उर्दूतल्या एका अभिजात कादंबरीने आधीच दिला होता. मिर्झा हादी रुसवांची 'उमराव जान अदा' १८९९ची. तिची रचना म्हणजे गप्पा आहेत. उतारवयातली उमराव रुसवांना आपली हकीकत सांगते, मध्येच चिमटे काढते, स्वतःवर हसते. ती केवळ दुर्दैवी नाही. शहाणी, कवी आणि जगाला ओळखून असलेली बाई आहे. मुझफ्फर अलींच्या १९८१च्या चित्रपटाने गप्पांची ही चौकट सोडली आणि तिचे हसूही बरेच कमी केले. मात्र शहरयार यांच्या गझला, खय्याम यांचे संगीत आणि रेखाचा अभिनय यांतून लखनौची तहजीब आणि उमरावचे कवीपण जिवंत ठेवले. जे. पी. दत्ता यांच्या २००६च्या चित्रपटात पैसा जास्त, लांबी जास्त, नट-नट्या मोठ्या. शौकत कैफी यांनी १९८१ साली केलेली खानमची भूमिका इथे त्यांची कन्या शबाना आझमी यांनी केली. तरी उमराव प्रेमात फसलेली एक सुंदर स्त्री एवढीच उरली. दागिने वाढले, बोलणे घटले. पारोचेही तेच झाले. बाईचे डोके आणि जीभ काढून घेऊन तिला फक्त रूप दिले की पडदा भरतो, पण पात्र रिकामे होते.

यावर कोणी म्हणेल, आवडला नाही तर पाहू नका, पुस्तक तर कपाटात आहेच. हे उत्तर पुरेसे नाही. कविता वाचणारे थोडे, चित्रपट पाहणारे पुष्कळ. अजिंठ्याला येणारा तरुण पारोची कबर शोधतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा पडद्यावरचा चेहरा असतो. ज्या बाईबद्दल इतिहासाने एका तारखेपलीकडे काही ठेवले नाही, तिच्या बाबतीत हे चित्रच स्मृती होऊन बसते. म्हणून रूपांतरकाराची जबाबदारी मोठी. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई गेले आणि दुसऱ्याच दिवशी महानोर. आता दोघांच्याही कृतीच काय ते बोलतील.

गंमत अशी की रूपांतराचा सारा प्रश्न या गोष्टीच्या नायकातच होता. गिलचे काम तरी काय होते? भिंतीवरचे कॅनव्हासवर, मूळ भित्तिरंगातले तैलरंगात आणणे. माध्यम बदलले, हात परका, धर्म परका. पण एकेका भिंतीपुढे तो वर्षे घालवत होता. रंग उडालेल्या, पोपडे निघालेल्या जागांनाही सामोरा जात होता. मुळासमोर इतका काळ उभे राहण्याची तयारी, हीच रूपांतराची पहिली अट. त्याच्या बहुतेक नकला जळाल्या, तरी त्याचे नाव आदराने घेतले जाते ते त्या उभे राहण्यासाठी.

आपल्याकडे अजून कितीतरी कादंबऱ्या पडद्याची वाट पाहत आहेत. मराठवाड्यातल्या, मोहल्ल्यातल्या, दोन भाषांच्या सांध्यावरच्या गोष्टी तर फारशा कोणी हातीच घेतलेल्या नाहीत. जो दिग्दर्शक त्या हाती घेईल त्याने सेट उभारण्याआधी त्या गावात चार महिने राहावे आणि माणसे कशी बोलतात ते ऐकावे. आणि वाचकाने 'पुस्तकाची सर नाही' एवढे म्हणून थांबू नये. सर कुठे नाही, ते बोट ठेवून सांगावे. महानोरांची 'अजिंठा' ज्यांनी फक्त पडद्यावर पाहिली आहे त्यांनी ती एकदा मोठ्याने वाचावी. चित्रपटात कमी पडलेला आवाज त्यांना तिथे मिळेल.