एका बंदी असलेल्या उपकरणाचे परीक्षण

गेल्या हिवाळ्यात गोंदिया जिल्ह्यातील एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी विजेबद्दल बोलण्याचा योग आला. ओहमचा नियम, एकसर आणि समांतर जोडणी, असा नेहमीचाच विषय होता. तास संपल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला. त्याने मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. काळी, हातात मावेल एवढी डबी, तिच्यावर छोटा पडदा, आणि वर काचेची नळकांड्यासारखी टाकी. "सर, हे ओढायचं यंत्र आहे. यात दोन बॅटऱ्या कशाला लागतात?" मी उत्तर देण्याआधीच शेजारी उभे असलेले शिक्षक म्हणाले, "ती बंदी असलेली वस्तू आहे. असलं काही विचारायचं नाही."

शिक्षकांची काळजी मला कळते. पण त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न तोच होता, आणि तो अनुत्तरित राहिला. म्हणून हे परीक्षण.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने बंदी घातली आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. त्यामुळे हे उपकरण मी विकत आणलेले नाही, उघडलेले नाही. परदेशात विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांची उत्पादकांनी दिलेली मापे आणि त्यांवरचे संशोधन यांवरून जे समजते तेवढ्याच आधारावर मी लिहितो आहे. कोणा एका कंपनीच्या मालाविषयी नव्हे, तर दोन घटांच्या आणि साधारण ४ मिलिलिटर टाकीच्या एकूण प्रकाराविषयी.

प्रथम मुलाचा प्रश्न. या डबीत बसणारे घट लिथियम-आयन जातीचे असतात. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि वजन सुमारे ४५ ग्रॅम. याच जातीचे घट लॅपटॉपमध्ये वर्षानुवर्षे वापरले गेले. १९९१ साली ते प्रथम बाजारात आले, आणि त्यांच्या शोधासाठी तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेही २०१९ सालीच, आपल्याकडील अध्यादेशानंतर तीनच आठवड्यांनी! पूर्ण भारित अवस्थेत अशा घटाचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते, सरासरी ३.७ धरू.

आता समजा, पडद्यावर ८० वॅट हा आकडा ठेवला आहे. एकच घट असेल तर ८० ला ३.७ ने भागा. सुमारे २१.६ अँपिअर. घरातला दीड टनाचा वातानुकूलक साधारण ७-८ अँपिअर घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे अंगठ्याएवढ्या घटातून किती धारा मागितली जात आहे याची कल्पना येईल. दोन घट एकसर जोडले की विभवांतर ७.४ व्होल्ट होते आणि धारा निम्मी, १०.८ अँपिअर. समांतर जोडले तर एकूण धारा २१.६ च राहते, पण ती दोघांत वाटली जाते, म्हणजे पुन्हा प्रत्येकी १०.८. अनेक विद्यार्थ्यांना (आणि खरे सांगायचे तर काही शिक्षकांनाही) वाटते की एकसर जोडणीत घटावर जास्त ताण येतो. एकूण शक्ती तीच असेल तर तसे नसते. फळ्यावर करून पाहण्यासारखे हे गणित आहे.

आणखी एक पाऊल पुढे जाऊ. घटाच्या अंतर्गत रोधात जी उष्णता निर्माण होते ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अंतर्गत रोध ०.०२ ओहम धरला तर एकट्या घटात ९ वॅटहून अधिक उष्णता तयार होईल. दोन घट असतील तर प्रत्येकात सुमारे २.३ वॅट. म्हणजे दुसरा घट घेतल्याने उपकरण नुसते जास्त वेळ चालते असे नाही, तर प्रत्येक घटाचे तापणे चौथाईवर येते. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एवढे सरळ होते.

या विद्युतमंडलातील एका गोष्टीने मात्र मला थोडे चक्रावून टाकले. आपल्या विजेरीचे सेल उतरले की दिवा मंद होतो. धारा कमी होते आणि सेलवरचा भारही आपोआप हलका होतो. या डबीत शक्ती कायम राखणारे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. ८० वॅट म्हटले की शेवटपर्यंत ८० वॅट. पूर्ण भारित दोन एकसर घटांतून ९.५ अँपिअर घेतले जातात, आणि घट ३.२ व्होल्टपर्यंत उतरले की १२.५ अँपिअर. घट जितका थकलेला, तितके काम अधिक! वापरणाऱ्याला यातले काही जाणवत नाही, कारण धूर तेवढाच येतो. अभियांत्रिकी म्हणून ही सोय कौतुकास्पद आहे, पण तिने विजेरीतला तो जुना, आपोआप मिळणारा इशारा काढून घेतला आहे.

जोडीतला एक घट नवा आणि एक जुना असेल तर काय होते? एकसर जोडणीत कमजोर घट आधी रिकामा होतो आणि चांगला घट त्याच्यातून धारा रेटतच राहतो. समांतर जोडणीत तर एक घट ४.२ व्होल्टचा आणि दुसरा ३.४ व्होल्टचा बसवला, की ०.८ व्होल्टचा फरक केवळ ०.०४ ओहमवर पडतो, आणि बटण न दाबताही क्षणभर २० अँपिअर धारा एका घटातून दुसऱ्यात धावते. लिथियम घटात अशा तापण्याची परिणती आग लागण्यात होऊ शकते. वर्गात हे दाखवायचे असेल तर लिथियम घटांच्या वाटेला जाऊ नये. विजेरीचे तीन साधे सेल घ्या, दोन नवे आणि एक पार संपलेला, आणि लहान दिवा जोडा. दिवा पेटलेला असताना प्रत्येक सेलच्या टोकांमधील विभवांतर मल्टिमीटरने मोजा. संपलेल्या सेलवर कधीकधी चक्क उणे आकडा दिसतो. मिनिटभरात मंडल उघडा, एवढेच पथ्य.

आता टाकी. रचना म्हणून ती मला डबीपेक्षा अधिक आवडली, कारण तिच्यात कुठेही पंप नाही. मध्यभागी तारेचे वेटोळे, त्याभोवती कापूस, आणि कापसाला बाहेरून भिजवणारा द्रव. ही समईच आहे. केशाकर्षणाने तेल वातीत चढते तसाच हा द्रव कापसात चढतो. द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण, चवीसाठी काही सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटीन. पहिल्याचा उत्कलनबिंदू १८८ अंश सेल्सिअस, दुसऱ्याचा २९०. तोंडातून बाहेर पडते ती वाफ नव्हेच. वाफ थंड होऊन तयार झालेले सूक्ष्म थेंबांचे धुके असते ते. 'वेप' या नावातच ही छोटी चूक आहे.

टाकीतला द्रव खाली गळून का जात नाही? द्रव कमी झाला की वरच्या हवेचा दाब किंचित घटतो आणि बाहेरचा दाब उरलेल्या द्रवाला तोलून धरतो. कोंबड्यांना पाणी पाजण्याचे उपडे भांडे याच तत्त्वावर चालते. पण हा तोल तापमानावर अवलंबून आहे. अर्धी भरलेली टाकी, म्हणजे २ मिलिलिटर हवा, सावलीतून गोंदियाच्या मे महिन्यातल्या उन्हात नेली, २५ अंशांवरून ४५ अंशांवर, तर ती हवा जवळजवळ ७ टक्के प्रसरण पावेल आणि दोन-तीन थेंब द्रव बाहेर ढकलेल. इतर कोणत्याही टाकीबाबत हे सोडून देता आले असते. पण निकोटीन त्वचेतून शरीरात जाते. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर असा त्रास होतो तो याचमुळे. कापडी खिशात ठेवायच्या वस्तूत हा दोष मी गंभीर मानतो.

समईतले तेल संपले की वात जळते. इथेही तेच. द्रव पुरेशा वेगाने वर चढला नाही, किंवा वॅट जास्त ठेवले, की कापूस कोरडा पडतो आणि ग्लिसरीनचे विघटन होऊ लागते. त्यातून अ‍ॅक्रोलिन तयार होते. कढईतले तेल जास्त तापून करपल्यावर घशाला झोंबणारा जो धूर येतो, त्यात हेच द्रव्य असते. जोडीला फॉर्मल्डिहाइडही येते. यावर २०१५ साली मोठा वाद झाला. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी ५ व्होल्टवर चालवलेल्या उपकरणाच्या धुक्यात फॉर्मल्डिहाइड देणारी संयुगे मोठ्या प्रमाणात आढळल्याचे प्रसिद्ध केले. ३.३ व्होल्टवर ती सापडली नव्हती. टीकाकारांचे म्हणणे असे, की ५ व्होल्टला वात करपते आणि माणूस त्या चवीने लगेच थांबतो, यंत्र मात्र ओढत राहते. आक्षेप बिनतोड आहे असे मला वाटत नाही. माणूस नेमका कुठे थांबतो हे चवीवर सोडायचे असेल, तर ती चव झाकण्यासाठीच सुगंधी द्रव्ये घातलेली असतात हेही विचारात घ्यावे लागेल.

उत्पादकांचा यावरचा उपाय म्हणजे 'तापमान नियंत्रण'. कल्पना सुरेख आहे. निकेलच्या तारेचा रोध दर अंशामागे सुमारे ०.६ टक्क्याने वाढतो. २० अंशांवरून २२० अंशांवर गेली की तार दुपटीहून अधिक रोध दाखवते, आणि तेवढ्यावरून मंडल तापमान ओळखते. वेगळा तापमापक लागतच नाही. पण रोध मोजला जातो तो संपूर्ण तारेचा, म्हणून मिळते ते सरासरी तापमान. वेटोळ्याच्या एखाद्या कोपऱ्यात कापूस कोरडा पडला असेल तर तिथली उष्णता या सरासरीत लपून जाते.

आणि इथेच माझा या उपकरणावरचा मुख्य आक्षेप सुरू होतो. पडद्यावर आकडे भरपूर असतात. वॅट, व्होल्ट, ओहमचे दोन दशांश स्थळांपर्यंतचे वाचन, किती वेळा ओढले त्याची मोजणी. हे सगळे आकडे तारेविषयी आहेत. ओढणाऱ्याच्या शरीरात काय आणि किती गेले, याविषयी एकही नाही. ढोबळ हिशेब करू. ६० वॅट चार सेकंद, म्हणजे २४० ज्यूल. एक ग्रॅम ग्लिसरीन तापवून त्याची वाफ करायला सुमारे १४०० ज्यूल लागतात. सगळी ऊर्जा याच कामी आली असे धरले तर एका दमात जास्तीत जास्त ०.१७ ग्रॅम द्रव उडेल, म्हणजे सुमारे ०.१४ मिलिलिटर. द्रवात मिलिलिटरमागे ३ मिलिग्रॅम निकोटीन असेल तर त्यात ०.४ मिलिग्रॅम आले, २० मिलिग्रॅम असेल तर २.८. पडदा दोन्ही वेळा तोच आकडा दाखवणार. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात टाकीला २ मिलिलिटरची आणि द्रवाला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली ती विनाकारण नव्हे.

टाकीत काय ओतले आहे हे टाकीला कळत नाही, याचा जबर अनुभव अमेरिकेने २०१९ मध्ये घेतला. ई-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या तीव्र आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. बहुतेकांनी गांजातील द्रव्य असलेला द्रव ओढला होता आणि त्यात दाटपणासाठी ई-जीवनसत्त्वाचे अ‍ॅसिटेट मिसळलेले होते. यंत्र बिघडले नव्हते. ओतले ते त्याने इमानाने उडवले.

तरीही या उपकरणाच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे, आणि गोंदियात बसून तो टाळता येत नाही. यात काही जळत नाही. विडी जळते. तेंदूचे पान (आपल्याकडे टेंभुर्णीचेही म्हणतात) सच्छिद्र नसल्याने विडी सहज विझते, म्हणून ती वारंवार ओढावी लागते, आणि कार्बन मोनॉक्साइड व डांबर तेवढेच जास्त आत जाते. उन्हाळ्यात याच जिल्ह्याच्या जंगलांतून ही पाने गोळा होतात, आणि अनेक घरांत त्यांवर वर्षाची गणिते बसतात. २०१९ च्या कायद्याने विडीला हात लावलेला नाही. धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांना निकोटीनच्या पट्ट्या-गोळ्यांपेक्षा ई-सिगारेटचा अधिक उपयोग होतो, असे कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात दिसते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये ती सिगारेटपेक्षा '९५ टक्के कमी अपायकारक' असल्याचे सांगितले होते. मला त्यातील 'कमी' मान्य आहे, '९५' नाही. तो आकडा मोजमापातून नव्हे, तज्ज्ञांच्या अंदाजातून आला होता. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये पूर्ण बंदीची शिफारस केली, ती मुख्यतः तरुणांत नवे व्यसन लागेल या भीतीने. विडी ओढणाऱ्या मजुराच्या हाती हे महागडे यंत्र पडण्याचा संभव कमी आणि शाळकरी मुलाच्या हाती पडण्याचा अधिक, हे पाहता ती शिफारस मला चुकीची वाटत नाही. विडी मोकळी सोडणे मात्र कोणत्याही शास्त्रीय युक्तिवादात बसत नाही.

दोन घटांचे गणित, विजेरीच्या सेलचा प्रयोग आणि ०.४ व २.८ मिलिग्रॅमचा हिशेब, हे सगळे मी त्या मुलाला शिक्षकांमार्फत पत्राने कळवले. महिन्याभराने उत्तर आले. प्रयोग त्यांनी वर्गात केला होता, तिसऱ्या सेलवर उणे ०.३ व्होल्ट आले होते, आणि मल्टिमीटरच्या तारा उलट लागल्या असाव्यात असे आधी सगळ्यांना वाटले होते. खाली मुलाचा नवा प्रश्न होता. गावातल्या पानठेल्यावर जो खर्रा घोटून देतात, त्याच्या एका पुडीत निकोटीन किती असते, आणि ते शाळेत मोजता येईल का?

शाळेत येणार नाही. पण तंबाखू, सुपारी आणि चुना यांचे वजन येईल. एकाच ठेल्यावरच्या दहा पुड्यांत तंबाखूचे वजन किती बदलते, हे प्रथम पाहावे, असे मी त्याला लिहिले आहे. पुड्या आणण्याचे काम शिक्षकांनीच करावे, हेही.