कोल्हापुरी चपलेचा कर्ता कोण?

एखाद्या प्रदेशातल्या कला आणि डिझाइन उद्योगांची पाहणी करायची म्हटली, की आपले अभ्यासक बहुधा एकाच ठिकाणाहून निघतात. ब्रिटनच्या संस्कृती खात्याने १९९८ साली काढलेला अहवाल. त्यात १३ क्षेत्रांची यादी आहे : जाहिरात, वास्तुकला, चित्रपट, प्रकाशन, सॉफ्टवेअर वगैरे, आणि हो, हस्तकलाही. यादीशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते व्याख्येशी.

व्याख्या थोडक्यात अशी : ज्यांचा उगम व्यक्तीच्या सर्जनशीलतेत आणि कौशल्यात आहे, आणि बौद्धिक संपदेच्या जोरावर ज्यांतून संपत्ती व रोजगार निर्माण होऊ शकतो, ते सर्जनशील उद्योग. तिचं श्रेय आधी देऊ. कला म्हणजे अनुदानावर जगणारी चैन, हा समज तिने मोडला. अ‍ॅडोर्नो आणि हॉर्कहायमर यांच्या १९४७ च्या ग्रंथात ‘संस्कृती-उद्योग’ हा टीकेचा शब्द होता. पन्नास वर्षांत तोच, किंचित कपडे बदलून, मंत्र्यांच्या भाषणात कौतुकाचा झाला. तेही ठीक.

आता ही व्याख्या घेऊन कोल्हापुरात या. चप्पल उचला. कातडं कोणी कमावलं? बाभळीची साल, हिरडा वापरून ढोर समाजातल्या कारागिरांनी. तळ कापला, कान बसवले चर्मकारांनी. वेणी बहुतेकदा घरातल्या बाईने घातली. ‘कापशी’ हा प्रकार तर एका गावाच्या नावाने ओळखला जातो. मग यातली ‘व्यक्ती’ कोणती? व्याख्येला एक कर्ता हवा आहे. इथे पिढ्या आहेत, जाती आहेत, घरं आहेत. कर्ता सापडला नाही की सर्जनशीलतेच्या रकान्यात शून्य पडतं, आणि ही माणसं ‘मजूर’ म्हणून दुसऱ्या तक्त्यात जातात. हा मोजणीतला किरकोळ दोष नव्हे. ज्या समाजाला शतकानुशतकं ‘हात’च मानलं, डोकं मानलं नाही, त्याच्यावर तोच शिक्का पुन्हा मारणं आहे.

‘प्रदेश’ या शब्दाचंही तसंच. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्राच्या ४ आणि कर्नाटकच्या ४ जिल्ह्यांना मिळून. अथणीत बनलेली चप्पलही कोल्हापुरीच. राज्याच्या हद्दीत थांबणारी पाहणी निम्मा धंदा बाहेर ठेवते.

कुणी म्हणेल, मानांकन मिळालं ना, मग बौद्धिक संपदेची अटही पुरी झाली. नाही झाली. मानांकन नावाला संरक्षण देतं, आकाराला नाही. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये हुबेहूब तशीच दिसणारी चप्पल दाखवली, उगमाचा उल्लेख न करता. ओरड झाल्यावर भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. पण ‘कोल्हापुरी’ हे नावच वापरलं नव्हतं, त्यामुळे मानांकनाचा आधार लंगडा पडला. शिवाय मानांकनाचे नोंदणीकृत धारक आहेत दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते.

म्हणजे पाहा, डिझायनरच्या नावामागे व्याख्या उभी राहते. वेणी घालणाऱ्या बाईमागे कोणी नाही.

मग संशोधन करूच नये का? जरूर करावं. फक्त उलाढाल किती, निर्यात किती, याच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. एका जोडामागे किती हात आहेत? विक्रीच्या किमतीतला किती पैसा कोणत्या हातात पडतो? आणि नमुना बदलायचा निर्णय कोण घेतं, कारागीर की दुकानदार? तिसरा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सर्जनशीलता म्हणजे शेवटी निवड करण्याची मोकळीक. ती मोजायची तर कारागिरापाशी बसावं लागेल. कार्यालयातल्या तक्त्यात ती सापडायची नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.