ग्रेगरी पिंकस यांचे संशोधनकार्य : एक चिकित्सा
अमेरिकन जीवशास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस (१९०३-१९६७) यांच्या कार्याचे मूल्यमापन बहुधा १९६० साली मान्यता मिळालेल्या गर्भनिरोधक गोळीच्या यशावरूनच केले जाते. ते अपुरे आहे. सशाच्या बीजांडांवरील १९३०च्या दशकातील प्रयोगांमुळे ते प्रकाशात आले. पुढे वूस्टर फाउंडेशन या संस्थेत मिन-चुएह चांग यांच्या साहाय्याने, प्रोजेस्टेरॉनसदृश संयुगे तोंडावाटे दिल्यास बीजोत्सर्ग रोखतात, हे त्यांनी प्राण्यांवर दाखवून दिले. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. प्रश्न उद्भवतो तो १९५६ मध्ये प्वेर्तो रिको येथे सुरू झालेल्या चाचण्यांबाबत. तेथील डॉ. एड्रिस राइस-रे यांनी सुमारे १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होत असल्याचे कळविले. पिंकस यांनी ते बव्हंशी मानसिक ठरविले. वस्तुतः त्या गोळीत सुमारे १० मिलिग्रॅम प्रोजेस्टिन होते आणि कालांतराने संप्रेरकांची मात्रा कित्येक पटींनी घटवावी लागली. स्त्रियांची तक्रार हीदेखील संशोधनसामग्रीच होती, असा याचा अर्थ होतो. सशाच्या बीजांडाचे सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्या या वैज्ञानिकाने स्त्रीच्या शब्दाला मात्र पुराव्याचे स्थान दिले नाही, ही त्यांच्या संशोधनाची मोठी मर्यादा होय.