जब्त, जप्त आणि गसब

आमची शाळा उर्दू माध्यमाची, मालवणच्या किनाऱ्यावरची. आठवीतल्या एका मुलाने मागे घरी आलेला मराठी कागद आमच्याकडे वाचायला आणला. होडीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले होते. कागदावर ठळक अक्षरांत 'जप्तीची नोटीस' असे होते. मुलाने विचारले, "सर, जब्त म्हणजे सब्रच ना? मग अब्बांना सब्र करायला सांगितलंय का?"

आम्हाला हसता आले नाही. मुलाचा अर्थ चुकीचा नव्हता. मूळ अरबी शब्दाचा अर्थ घट्ट धरून ठेवणे, काबूत ठेवणे. उर्दू शायरीने तो अश्रूंना लावला, दफ्तराने दुसऱ्याच्या मालाला लावला. मराठीत आला तो दफ्तरातला. अश्रूंचा जब्त वाटेतच राहिला.

असे शब्द जमवले तर एक गोष्ट ध्यानात येते. 'कब्जा' म्हणजे मुठीत धरणे. 'बेदखल'मध्ये दखल, म्हणजे प्रवेश आहे. तो नाकारलेला माणूस शब्दात दिसत नाही. 'सरकारजमा'तला जमा म्हणजे गोळा करणे. 'खालसा'च्या मुळाशी तर खालिस, म्हणजे शुद्ध, निर्भेळ. थेट राजाच्या खजिन्याची जमीन ती खालसा. १८४८ साली डलहौसीने साताऱ्याचे राज्य गिळले, त्यालाही आपण 'खालसा केले' असेच म्हणतो. आणि दर निवडणुकीत छापून येते, 'अनामत जप्त'. अनामत म्हणजे आपली अमानत. जिला हात लावू नये तीच जप्त, आणि वाचताना आपल्याला काही खटकत नाही!

इंग्रजीची तऱ्हा वेगळी नाही. 'कॉन्फिस्केट'मध्ये लॅटिन फिस्कस आहे. आधी त्याचा अर्थ टोपली, मग सरकारी तिजोरी. १८९४ च्या कायद्यातले 'ॲक्विझिशन' म्हणजे मिळवणे. २०१३ च्या नव्या कायद्याने मोबदला व पुनर्वसनाची भाषा आणली, तरी 'भूसंपादन' कायम राहिले. संपादन विद्येचे होते, या वार्षिकाचेही होते. ज्याची जमीन गेली त्याने काय संपादन केले, हे हा शब्द विचारत नाही. 'लूट' हा उघडावाघडा शब्द मात्र इंग्रजीने आपल्याकडूनच नेला.

म्हणजे अरबी असो की इंग्रजी, आपल्या कागदांत आले ते घेणाऱ्याच्या बाजूचे शब्द. ज्याचे गेले त्याच्या बाजूचा शब्द अरबीत नाही काय? आहे. तो 'गसब'. फिक्हच्या किताबांत त्याचा स्वतंत्र बाब आहे. लपूनछपून नेणे ती सरिका, विश्वासाने ठेवलेले खाणे ती खियानत, आणि दुसऱ्याचे उघडपणे, हक्क नसताना बळाने घेणे तो गसब. गसब करणाऱ्याने मूळ वस्तूच परत करायची. ती उरली नसेल तर तिची भरपाई द्यायची. चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ साली 'हिदाया' इंग्रजीत आणली, तेव्हा हा बाबही इंग्रजीत गेला. आपल्या मराठीत मात्र तो आला नाही.

खरे तर हा शब्द दर जुम्याला आपल्या कानांवरून जातो. सूरह कहफमध्ये समुद्रावर पोट भरणाऱ्या गरिबांची होडी आहे. पुढे एक बादशाह प्रत्येक होडी बळाने घेतो, म्हणून ती आधीच सदोष केली जाते. त्या घेण्याला कुरआनने गसब म्हटले आहे. घेणारा बादशाह आहे म्हणून शब्द मवाळ झालेला नाही. होड्यांवर जगणाऱ्या आमच्या किनाऱ्याने हे विसरू नये.

येथे सावधपणाही हवा. थकलेल्या कर्जापायी कायद्याने आणलेली टाच म्हणजे गसब नव्हे. घेतलेले कर्ज फेडणे फर्जच आहे. प्रत्येक जप्तीला जुलूम म्हटले तर खऱ्या जुलुमाला शब्द उरणार नाही.

आमची तक्रार आहे ती आपल्या लेखकांविषयी, आणि त्यांत आम्हीही आलो. आपल्या कथांत जमीन 'जाते', 'सुटते', 'संपादित होते'. कोणी घेतली ते वाक्यात नसते. सिंधुदुर्गात शेतसारा थकल्याने सरकारजमा झालेल्या जमिनींना 'आकारीपड' म्हणतात. जणू जमीन आपणहून पडीक पडली! कागद असे लिहील. कथेने का लिहावे? त्यासाठी गसब मराठीत आणण्याचीही गरज नाही. 'बळकावणे' हा शब्द आहे, आणि त्यात बळ लपलेले नाही. जिथे बळकावले तिथे बळकावले लिहावे, कोणी ते लिहावे. जिथे देणे होते तिथे देणे होते हेही लिहावे.

त्या मुलाला आम्ही दोन्ही अर्थ फळ्यावर लिहून दाखवले. त्याने वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "सर, परीक्षेत कोणता लिहायचा?" आम्ही म्हणालो, "उर्दूच्या पेपरात तुझा. घरी अब्बांना मात्र दुसरा समजावून सांग, आणि मुदत संपायच्या आत उत्तर द्यायला सांग."