दगडावरची कविता कोणाची?

न्यूयॉर्कला पाहुणे आले की आपण त्यांना स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी नेतो. फोटो निघतात, आणि एमा लॅझरसचे सुनीत बहुधा न वाचताच आपण परतीची फेरी पकडतो. पुढच्या वेळी ते वाचा, पण शिलालेख म्हणून.

शिलालेखातल्या कवितेला एक प्रश्न जरूर विचारावा : ती कोणाच्या बाजूने बोलते? ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर इ.स. ६३४ च्या सुमारास रविकीर्तीने दुसऱ्या पुलकेशीची संस्कृत प्रशस्ती कोरवली. नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा तो स्वामी झाला, हे तीत आहे. कवीने स्वतःला कालिदास-भारवींच्या पंगतीला बसवले आहे, तेही आहे. रचना सफाईदार, पण आवाज विजेत्याचा. पुढे शतकभराने इटलीत, बोब्बियोच्या मठात, लोंबार्ड राजा लिउतप्रांदने कुमियन या बिशपच्या थडग्यासाठी लॅटिन पद्याची शिळा करवली. कुमियन आयर्लंडहून आलेला, परक्या मातीत मेलेला. राजाने परक्याचा गौरव करावा ही मोठीच गोष्ट. तरी शिळा कोणी दिली, हे सांगायला लेख विसरत नाही.

लॅझरसच्या सुनीतात राजाही नाही आणि विजयही नाही. चौथऱ्याच्या निधीसाठी १८८३ मध्ये लिहिलेली ही कविता ब्राँझच्या पत्र्यावर आली ती १९०३ मध्ये. कवयित्री त्याआधीच, १८८७ मध्ये, गेली होती. ऱ्होड्सच्या विजयी पुतळ्याला नाकारून तिने या पुतळ्याला येणाऱ्यांशी बोलायला लावले. हेच तिचे मोठेपण.

पण तिच्यात एक उणीव आहे. येणाऱ्याला तिथे चेहरा नाही. तो थकलेला, गरीब, गर्दीतला एक. कुमियनला निदान नाव तरी मिळाले. शिवाय पत्रा जागच्या जागी असतानाच १९१७ च्या कायद्याने भारतीयांना दार बंद झाले, आणि ते खऱ्या अर्थाने उघडले १९६५ च्या कायद्याने. त्या दारातून आपल्यातले बरेच जण पदवी हातात घेऊन आले. म्हणून ही कविता आपल्याबद्दल नाही, असे आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही. दार बंद होते तेव्हा पदवीवाल्यांनाही बंदच होते.

आपण इथे देवळे बांधली, सभागृहे बांधली. त्यांच्या भिंतींवर दात्यांची नावे आहेत, आणि ती असावीतच. पण नंतर येणाऱ्यासाठी एखादी ओळ तिथे आहे का? पुढच्या वेळी गेलात की बघा.